परदेशात वर्षानुवर्षं राहताना : आपल्या भागातल्या लोकांचं रोजचं जगणं

शहापूरची लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मूळची बेळगावची, शहापूरची. लग्नानंतर जर्मनीत गेले, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहते. थोरला मुलगा आता तिथल्याच शाळेत चौथीत आहे, म्हणजे बराच काळ झाला. सध्या सुट्टीवर माहेरी आलेय. इथं भेटणारं प्रत्येक माणूस दोन गोष्टी विचारतं, पगार किती आणि परत कधी येणार. मधलं कुणी विचारत नाही. परक्या मुलखात माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करतो, कशात अडतो, कशात रमतो, ते बोलायला हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे जे बाहेर आहेत किंवा ज्यांची मुलं बाहेर आहेत, त्यांनी जरूर लिहा.

माझ्यापुरतं सांगते. परदेशात राहणं म्हणजे सगळ्यात आधी टपाल. जर्मनीत अजून बहुतेक कारभार कागदावर चालतो. घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत पालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, आणि तो नोंदला की पत्रं सुरू. आरोग्य विम्याचं, करखात्याचं, शाळेचं, कचरा कुठल्या दिवशी कुठला उचलणार त्याचं. घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो घरटी भरावेच लागतात, त्याचंही पत्र. सगळ्यात धाक वाटतो तो सरकारी नोटिशीच्या पिवळ्या पाकिटाचा. पोस्टमन त्या पाकिटावर स्वतःच्या हातानं तारीख घालतो आणि पेटीत टाकून निघून जातो. तुम्ही ते उघडलं का, तुम्हाला ते समजलं का, हा प्रश्नच नाही. हरकत घ्यायची मुदत त्या तारखेपासून मोजायला सुरुवात.

पहिलं पिवळं पाकीट आलं तेव्हा नवरा कामावर होता. मी ते घेऊन सरळ खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, मला शेजारी बसवलं आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायला लागल्या. एक वाक्य झालं की माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवली की पुढचं. नवरा पुण्याचा. संध्याकाळी हे ऐकून तो अवघडला. आपले सरकारी कागद परक्या बाईला दाखवायचे? मला मात्र त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण लहानपणापासून मी हेच बघत आलेय. आमच्या वडिलांना कन्नड बोलायला छान येतं, वाचायला येत नाही. शेताचा उतारा असो, पट्टीची नोटीस असो, कन्नडमधून काहीही आलं की ते समोरच्या कन्नड मास्तरांकडे घेऊन जायचे. मास्तर वाचायचे, वडील ऐकायचे, मग चहा व्हायचा. त्या मास्तरांच्या मुलीच्या लग्नात मांडव आमच्या दारापर्यंत आला होता.

म्हणून मला वाटतं, परदेशातल्या रोजच्या जगण्याचा निम्मा अभ्यास आपल्या भागातल्या माणसाचा घरीच झालेला असतो. कचेरीतली भाषा एक, घरातली दुसरी, बाजारातली तिसरी, यात आपल्याला नवल नाही. न वाचता येणारा कागद हातात आला तर आपण खचत नाही, तो कुणाकडे न्यायचा ते बघतो. तुमचा अनुभव काय?

नंदगड ते रुवी

ताई, बरं झालं धागा काढलात. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडकडचा. मस्कतला एसीचं काम करतो. शाळा दहावीपर्यंत पोचली न्हाई, त्यामुळं पासपोर्टवर ईसीआर होतं, जायच्या आधी सरकारची वेगळी परवानगी काढावी लागली. ज्यांनी दहावी केली त्यांना हा फेरा नसतो, म्हणून गावातल्या पोरांना मी एवढंच सांगतो, दहावी करूनच निघा.

तुमच्याकडं पत्रं येतात, आमच्याकडं सगळं कार्डावर हाय. रहिवासी कार्ड कंपनीच्या नावानं निघतं. कंपनी हाय तर तुम्ही हाय. कितीबी वर्षं काढा, हा मुलूख तुमचा होणार असं तिथं कुणी बोलत न्हाई, आणि आम्हीबी धरून चालत न्हाई. आधी तर दुसऱ्या कंपनीत जायचं म्हटलं तर पहिल्या मालकाची ना हरकत लागायची, न्हाईतर दोन वर्षं देशाबाहेर. १ जानेवारी २०२१ पासून ओमान सरकारनं ती अट काढली, करार पुरा झाला की बदलता येतं. वाचणाऱ्याला ही बारीक गोष्ट वाटंल. आमच्यासारख्याला हे फार मोठं हाय. मालकासमोर बोलायचा आवाज बदलतो माणसाचा.

भाषेचं म्हणाल तर अरबी मला कामापुरतीच येते. मी शिकलो मल्याळम. खोलीत दोघं केरळचे, एक बांगलादेशी, एक आपला गडहिंग्लजचा. स्वयंपाकाची पाळी असते, त्यात भाषा आपोआप येते. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हात उघड्यावर काम करायला बंदी हाय, तेवढ्या वेळात सावलीला बसून जो तो आपापल्या घरी फोन लावतो. पाच भाषांत एकच चाललेलं असतं, पैसे पोचले काय, पाऊस पडला काय.

पावसाचं मात्र मनाला लागतं. खानापूरचा पाऊस बघितलेल्या माणसानं मस्कतचा उन्हाळा काढणं सोपं न्हाई. बायको फोन उचलून पागोळ्यांखाली धरते, मी ऐकत बसतो.

उचगाव फाटा

धागा चांगला आहे, पण धागाकर्तीच्या एका मुद्द्याला माझा स्पष्ट विरोध आहे. जर्मनीत तुम्ही आपल्या पायानं गेलात. १ नोव्हेंबर १९५६ ला आमच्या आजोबांनी उंबरादेखील ओलांडला नव्हता, घरात बसल्या जागी राज्य बदललं, मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. या सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ सालचा, तो अजून प्रलंबित आहे. जर्मन सरकारनं जर्मनमध्ये पत्र पाठवलं तर त्यात गैर काही नाही, तिथं जाताना तुम्हाला ते माहीत होतं. स्वतःच्या गावात स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, ही गोष्ट वेगळ्या जातीची आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असावा असं घटनेचं ३५०ब कलम सांगतं, ते कुणाच्या चांगुलपणासाठी लिहिलेलं नाही, हक्कासाठी आहे. मास्तर भले होते हे तुमचं भाग्य. ज्याच्या दारासमोर मास्तर नव्हते त्यानं काय करायचं?

परदेशाचा अनुभव जरूर लिहा, पण त्याच्या शेजारी सीमाभाग ठेवून आपल्या प्रश्नाला मवाळ करू नका, ही विनंती.

शहापूरची लेक

उचगाव फाटा, तुमचा राग मला समजतो आणि हक्काचा मुद्दा मी अजिबात सोडलेला नाही. उतारा मराठीतही मिळाला पाहिजे, यात दुमत नाही. मी बोलतेय ते माणसाच्या अंगी बाणलेल्या रीतीबद्दल. अन्याय सोसता सोसतासुद्धा माणूस काहीतरी शिकतो, आणि ते शिकलेलं त्याच्या कामी येतं, म्हणून अन्यायाला मी बरं म्हणत नाही.

उलट परदेशात राहिल्यावर हक्काची किंमत मला जास्त कळली. तिथं मी कर भरते, मुलाच्या शाळेच्या पालकसभेत बोलते, गावातल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ मदत करते. पण पालिकेच्या निवडणुकीत शेजारीण मत द्यायला जाते तेव्हा मी घरी. तिथं युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या माणसाला पालिकेपुरतं मत आहे, माझ्यासारखीला नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्यांचा वेग कमी करावा म्हणून सगळ्या आयांनी सह्या गोळा केल्या, मीही दारोदार फिरले. निर्णय झाला तेव्हा आनंद सारखाच झाला, पण तो निर्णय घेणारी माणसं निवडण्यात माझं बोट नव्हतं.

आणि रविवार! त्याबद्दल लिहायचं राहिलं. दुकानं बंद, भिंतीला भोक पाडायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काच जमा करायच्या कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. सुरुवातीला जीव घुसमटायचा. आपला रविवार म्हणजे गणपत गल्लीतली गर्दी. आता तीच शांतता इतकी सवयीची झालीय की परवा इथं घरासमोरून वाजतगाजत वरात गेली तेव्हा धाकटा कानावर हात ठेवून आत पळाला आणि थोरला दारात जाऊन नाचला. एकाच घरातली दोन मुलं.

अनगोळ, चौथं रेल्वे गेट

मी निवृत्त शिक्षक. मुलगी नेदरलँड्समध्ये, मुलगा ह्यूस्टनला. तुम्हा तरुण मंडळींचं वाचून बरं वाटलं, म्हणून मागे राहिलेल्यांच्या बाजूनं थोडं लिहितो.

आधी शहापूरच्या लेकीसाठी एक जुनी गोष्ट. तुमचं शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. आमची आजी शहापूरच्या विणकर घरातली. मागावरचं लुगडं घेऊन ती पायी बेळगावच्या पेठेत यायची, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. या मातीत हद्दी माणसांच्या आयुष्यातून अशा आरपार गेलेल्या आहेत. उचगावच्या मित्राचा मुद्दाही त्यामुळेच खरा आहे.

आता आमचं रोजचं. मुलीचं घड्याळ उन्हाळ्यात आमच्यामागे साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. मुलाचं साडेदहा आणि साडेअकरा. त्यामुळे मुलीचा फोन आमच्या दुपारच्या चहाला आणि मुलाचा सकाळच्या पूजेआधी. फोन रोज होतो. तरी दोन्हीकडून बरंच काही सांगितलं जात नाही. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं ते आम्ही मुलांना तारीख पक्की झाल्यावर कळवलं. मुलाची नोकरी गेली होती ते त्यानं दुसरी लागल्यावर सांगितलं. यात कुणाचा दोष नाही. एवढ्या लांबून काळजी करण्यापलीकडे काही करता येत नाही, हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून एकमेकांना वाचवतो.

आणि तुमच्या रोजच्या जगण्याइतकंच आमचंही बदललंय बरं का. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा तर शेजारचा मुलगा फोनवर चेहरा दाखवून करून देतो. विजेचं बिल, बँक, औषधं, सगळ्यासाठी कुणीतरी तरुण लागतं. माझी मुलगी परक्या देशात शेजारच्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं असंच सगळं बघते. ते तिच्या बोलण्यात आलं तेव्हा ही कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्यांच्यासाठी चटणी पाठवूया की. संकेश्वरी मिरचीची नको म्हटलं, ब्याडगीची पाठवली.

निपाणीकर, सध्या न्यू जर्सी

सर, नोकरीचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे त्यातच सगळं आहे. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर निघायचं. ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला आहे, पण कुठल्याही एका देशाला वर्षाच्या एकूण कोट्यातले सात टक्केच मिळतात, आणि भारतातून अर्ज करणारे अफाट. त्यामुळे रांग दशकांची. मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. आमची मुलगी इथं आली तेव्हा बोलतही नव्हती, आता कॉलेजच्या गोष्टी करते, आणि घरात त्या वाढदिवसाचा विषय कुणी काढत नाही.

रोजच्या जगण्यात हे कसं येतं ते सांगतो. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत व्हिसाच्या कागदाला बांधलेली आहे. कागद वाढवून आला नाही तर गाडी चालवता येत नाही, आणि इथं गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. वडील गेले तेव्हा निपाणीला यायचं की नाही हा विचार करायला लागला, कारण परत येताना पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मिळवायला किती दिवस थांबावं लागेल ते सांगता येत नव्हतं. मी आलो. नोकरी टिकली. माझ्या ओळखीतल्या एकानं येणं टाळलं, आणि त्याला कुणीही नावं ठेवू नयेत.

पण याच गावात मी माणसंही जोडलीत. बाजूचे पोर्तुगीज आजोबा दर वसंतात त्यांच्या परसातली रोपं देतात. त्यांच्या कुंपणाला लागून मी मेथी लावली, आता ते मेथीची भाजी करतात, लसूण घालून. आमच्यापेक्षा बरी करतात. वडील गेल्यावर मी परत आलो त्या संध्याकाळी ते सूप घेऊन आले आणि काही न बोलता बसले.

नंदगड ते रुवी

निपाणीकर दादा, वाचून गप्प झालो. आम्हाला वाटायचं अमेरिकावाल्यांचं पक्कं असतं.

टिळकवाडीत परत

आम्ही जपानमध्ये बरीच वर्षं काढून परत आलो, सध्या टिळकवाडीत. तिथलं आवडलं ते लिहितो, कारण धाग्यात जरा भार आलाय.

जपानमध्ये परदेशी माणसानं रहिवासी कार्ड सतत जवळ ठेवायचं असतं, अगदी कोपऱ्यावर भाजी आणायला गेलं तरी. पहिल्यांदा याचा त्रास व्हायचा. पण गल्लीत गेल्यावर वेगळंच. आमच्या गल्लीत कचरा टाकायच्या जागेची सफाई घरटी पाळीनं असायची. आमची पाळी आली तेव्हा समोरच्या काकू आदल्या संध्याकाळी झाडू, जाळी आणि एक कागद घेऊन आल्या. कागदावर चित्रं काढलेली, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून जाळी कशी पसरायची, कोपऱ्यावर वीट कुठं ठेवायची. आम्हाला वाचता येत नाही हे ओळखून त्यांनी ती चित्रं स्वतः काढली होती. पाहुण्याला कुणी पाळी लावत नाही. पाळी लावली त्या दिवशी आम्ही गल्लीतले झालो, असं बायको अजून म्हणते.

परत येताना काळजी होती मुलीची. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकवणं आवश्यक केलंय. घरी मराठी, डोक्यात जपानी, शाळेत इंग्रजी आणि आता वर कन्नड. पोरगी कोलमडेल असं वाटलं. तिनं चौकोनांची वही मागितली, जपानी अक्षरं गिरवायची तशीच, आणि एकेका चौकोनात एकेक कन्नड अक्षर बसवत गेली. दिवाळीपर्यंत बसच्या पाट्या वाचायला लागली. मी इथं जन्मलो, वाढलो, कन्नड बोलतो, पण कधी वाचायला शिकलो नव्हतो. आता रात्री जेवणानंतर ती माझा धडा घेते.

उचगाव फाटा, मराठी शाळा टिकल्या पाहिजेत आणि कागद मराठीत मिळाले पाहिजेत, या मागणीवर मी तुमच्याबरोबर आहे. कन्नड शिकल्यानं ती मागणी कमी होत नाही असं मला मनापासून वाटतं.

उचगाव फाटा

मान्य. पोरीला शाबासकी सांगा. मागणी आणि शिक्षण दोन्ही चालू दे. माझा धाकटा भाऊ दुबईला असतो, त्याला हा धागा पाठवलाय.

शहापूरची लेक

सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. मला आता एक खरी अडचण विचारायची आहे. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून नागरिकत्वाची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली, आणि आधीचं नागरिकत्व सोडण्याची सक्तीही काढली. भाषेची बी-वन पातळी आमच्याकडे आहे, शिवाय नागरिकत्वाची ३३ प्रश्नांची परीक्षा असते, त्यात १७ बरोबर आले की झालं. त्यांच्या बाजूनं दार उघडं आहे. आपल्या कायद्यात मात्र दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. घरात चर्चा चालू आहे. वडिलांची येळ्ळूरकडे थोडी भातशेती आहे, पुढे तिचं काय? आणि मत?

निपाणीकर, सध्या न्यू जर्सी

ताई, हे मी आमच्या वकिलाकडून नीट समजून घेतलंय. परदेशात राहणारा भारतीय असो की ओसीआय कार्डवाला (म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेला मूळचा भारतीय), दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर ठेवता येते. विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे शेतीपुरता पासपोर्ट बदलल्यानं फार फरक पडत नाही. वडील असतानाच मृत्युपत्र आणि कागद नीट करून ठेवा, ते जास्त गरजेचं.

मताचं मात्र तसं नाही. ओसीआयला मत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर बाहेर राहूनही मतदार म्हणून नाव घालता येतं, फॉर्म ६अ भरायचा. पण मत द्यायला प्रत्यक्ष आपल्या केंद्रावर पासपोर्ट घेऊन यावं लागतं, तिकडून देता येत नाही.

शहापूरची लेक

आभारी आहे. काल रात्री वडील, आई, मी आणि फोनवर नवरा असे बसलो. नवरा अर्ज करणार. त्याच्या कामात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या देशात जावं लागतं, प्रत्येक वेळी व्हिसाचा फेरा, आणि त्याला तिथल्या मतदानात भाग घ्यायचाय. मी सध्या थांबतेय. वडिलांचं वय झालंय, इथल्या कामांत माझी सही लागते, आणि खरं सांगायचं तर इथल्या यादीत नाव असावं असं मला अजून वाटतं. मुलांना जर्मन पासपोर्ट आहे, ओसीआय कार्डं काढलेली आहेत. एका घरात दोन प्रकारचे पासपोर्ट होतील, विमानतळावर दोन रांगांत उभं राहू. फॉर्म ६अ उद्या भरायला बसणार आहे. मतदान केंद्र वडिलांचंच, घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर. रजा जुळवायचं तेवढं बघावं लागेल.